पारनेरची गावकी

इंग्रजी अमदानीत छापलेल्या गॅझेटियरमध्ये पारनेर गावाच्या वाट्याला मोजक्याच ओळी आल्या आहेत. अहमदनगरच्या नैर्ऋत्येला वीसेक मैलांवरचे तालुक्याचे ठाणे. सावकारांची वस्ती मोठी, त्यात मारवाडी जास्त, आणि लोभाबद्दल त्यांची बदनामी झालेली. एवढे सांगून लेखक १८७४-७५ सालाकडे वळतो. त्या वर्षी शेतकरी आणि सावकार यांच्यात तेढ आली आणि गावाने सावकारांना वाळीत टाकले. त्यांच्याकडे कामाला कोणी जाईना, पाणी कोणी भरीना, जिन्नस कोणी देईना, हजामतही कोणी करीना. पोलिसांनी नजर ठेवली म्हणून दंगल टळली, असे म्हणून नोंद संपते.

मला या चार ओळी पारनेरच्या इतिहासातल्या सर्वांत महत्त्वाच्या वाटतात. पराशर ऋषींच्या नावावरून गावाला नाव पडले ही परंपरा गावकरी अभिमानाने सांगतात, सेनापती बापटांचे जन्मगाव म्हणून महाराष्ट्र पारनेरला ओळखतो, आणि राळेगणसिद्धीमुळे तालुक्याचे नाव देशभर गेले. पण या सगळ्यांच्या मुळाशी जी एक गोष्ट आहे, म्हणजे गावाने मिळून एखादी गोष्ट ठरवणे आणि ती निभावणे, तिची लेखी साक्ष त्या चार ओळींत आहे.

आधी या मुलखाकडे पाहू. पारनेर तालुका हे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले पठार. कान्हूर पठार हे तर गावाचेच नाव. तालुक्याच्या उत्तरेला पडलेला पाऊस मांडओहोळासारख्या ओढ्या-नद्यांतून मुळेला मिळतो, तिथून प्रवरा आणि मग गोदावरी. दक्षिणेला पडलेला पाऊस कुकडी-घोडमार्गे भीमेला आणि पुढे कृष्णेला जातो. दोन मोठ्या खोऱ्यांच्या मधली ही पाणलोटाची कड आहे. तिच्यावर पाऊस पडतो तोच थोडा, वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि पडतो तो दोन्ही बाजूंनी उतरून जातो. बाजरी, ज्वारी, मटकी, हुलगा ही इथली जुनी पिके. पाऊस साधला तर घरात दाणा, नाहीतर उसनवारी. अशा मुलखात सावकाराचा ओटा ही चैनीची जागा नसते. बियाणे, बैल, सरकारी सारा आणि लेकीचे लग्न, प्रत्येक वेळी तिथेच जावे लागते.

कर्ज जुनेच होते. एकोणिसाव्या शतकात बदलला तो त्या कर्जाभोवतीचा कायदा. पूर्वी सावकार गावाच्या धाकात असे. पाटील, पंच आणि जनरीत यांच्यापुढे त्याला एका मर्यादेपलीकडे ताणता येत नसे. दामदुपटीचा संकेत होता, म्हणजे व्याज मुद्दलापेक्षा वर जाऊ नये. इंग्रजी दिवाणी न्यायालये आली आणि लिहिलेले खत हाच पुरावा झाला. ज्याने अंगठा उठवला त्याला खतात काय लिहिले आहे हे वाचता येत नव्हते, आणि ज्याच्यापुढे ते खत मांडले जाई त्या न्यायाधीशाला त्यामागचा हिशेब पाहण्याचे कारण नव्हते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने खताला तीन वर्षांची मर्यादा घातली. कुळाचे रक्षण व्हावे हा हेतू, घडले उलटे. दर तीन वर्षांनी जुने खत फाडून नवे लिहून घेतले जाई, थकलेले व्याज मुद्दलात मिसळे आणि त्यावर पुन्हा व्याज चढे. पुढे सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगापुढे एक प्रकरण असे आले की शंभर रुपयांच्या कर्जावर व्याजच दोन हजारांवर गेले होते.

मधल्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस बंद झाल्याने १८६१ पासून हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला, पैसा सैल झाला आणि दख्खनच्या शेतकऱ्याला कर्ज मागेल तेवढे मिळू लागले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि सावकारांनी हात आखडला. नेमक्या त्याच सुमारास इंदापूर-भीमथडीकडच्या भागात फेरपाहणी होऊन शेतसारा दीडपट, कुठे दुपटीपर्यंत चढवला गेला. म्हणून गॅझेटियरकाराचा शेरा मला अपुरा वाटतो. सावकाराचा लोभ त्याला दिसला, पण त्या लोभाला दात देणारे न्यायालय आणि चढा सारा त्याच्याच सरकारचा होता. तो शेरा एका समाजावर कायमचा चिकटवून ठेवणेही अन्यायाचे आहे. या सावकारांची घरेही गावातलीच होती, आणि त्यांना कर्जवसुलीचा हा मार्ग कायद्यानेच खुला करून दिला होता.

ठिणगी पडली ती पारनेरच्या दक्षिणेला, घोडनदीपलीकडच्या शिरूर तालुक्यात. करडे गावच्या काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या प्रतिष्ठित कुळावर हुकूमनामा मिळवला आणि त्याचे घर पाडायला घेतले. देशमुखाच्या घराला हात लागतो तिथे साध्या कुणब्याची काय कथा, असे लोकांना वाटले. १८७४ च्या अखेरीस करडे आणि आसपासच्या गावांनी सावकारांशी व्यवहार तोडला. ही बातमी नदी ओलांडून पारनेर तालुक्यात आली. दोन्हीकडच्या गावांत सोयरिकी होत्या, बाजार एक होते, जत्रा एक होत्या. निरोप पोचायला वेगळी यंत्रणा लागली नाही.

इथे एक खुलासा करायला हवा, कारण या नावावरून बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. १२ मे १८७५ रोजी बाजाराच्या दिवशी जिथे पहिली मोठी दंगल झाली ते सुपे पुणे जिल्ह्यातले, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातले. नगर-पुणे रस्त्यावरचे, आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाणारे आपल्या पारनेर तालुक्यातले सुपे वेगळे. भीमथडीच्या सुप्याहून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. नगरमध्ये पारनेर, श्रीगोंदा, नगर आणि कर्जत या तालुक्यांतल्या गावांना त्याची झळ लागली. बहुतेक ठिकाणी लोकांना खते हवी होती. खते हाती आली की चौकात होळी. देण्यास नकार मिळाला तर मारहाण, लूट किंवा जाळपोळ. सैन्य बोलवावे लागले आणि सुमारे हजार माणसे पकडली गेली.

पारनेर गावात मात्र आग लागली नाही. श्रेय गॅझेटियरने पोलिसांना दिले आहे आणि पोलिसांचा पहारा होता हे खरेच. पण बहिष्कार हाच तिथला मुख्य लढा होता हे त्याच नोंदीत लिहिलेले आहे. बहिष्कार चालवणे हे दंगलीपेक्षा कितीतरी कठीण. दंगल एका रात्रीत होते, बहिष्कार रोज सकाळी नव्याने पाळावा लागतो. त्यासाठी गावातल्या प्रत्येक जातीने आणि प्रत्येक बलुतेदाराने साथ द्यावी लागते. एकटा न्हावी फुटला तरी बेत फसतो.

त्या काळच्या गावाची घडीच या शस्त्राला कारण होती. न्हावी, परीट, सुतार, लोहार, महार, कोळी यांचे काम हे एकेका गिऱ्हाइकापुरते नसून गावाशी बांधलेले होते. सुगीला खळ्यावर प्रत्येकाचा ठरलेला वाटा, त्याच्या बदल्यात वर्षभर सेवा. सावकाराकडे पैसा होता, पण पाणी त्याला गावातलाच माणूस भरून देई आणि त्याची दाढीही गावातलाच न्हावी करी. सेवा गावाची म्हटल्यावर ती थांबवण्याचा अधिकारही गावाचा. दंगलीला फौजदारी कलम लावता येत होते. पाणी न भरणाऱ्या माणसाला कोणते कलम लावायचे, हा प्रश्न इंग्रजी अमदानीतल्या मामलेदारालाही पडला असणार.

हे लिहिताना मला एक गोष्ट बाजूला ठेवता येत नाही. हेच शस्त्र याच गावगाड्याने शतकानुशतके दुबळ्यांवर चालवले आहे. पाणवठ्यावर चढलेल्या महाराला, जातीबाहेर लग्न करणाऱ्या जोडप्याला, पंचांचे न ऐकणाऱ्या विधवेला वाळीत टाकणारी हीच गावकी होती. १८७५ मध्ये ती न्यायाच्या बाजूने उभी राहिली म्हणून तिच्या अंगचा जाच नाहीसा होत नाही. महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. गावाच्या एकीचे कौतुक करताना ती एकी कोणावर चालली हे आधी विचारले पाहिजे.

बहिष्कार आणि दंगली वाया गेल्या नाहीत. आयोग बसला, त्याचा अहवाल आला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. तो सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. कर्जासाठी शेतकऱ्याला अटक करणे बंद झाले. खताच्या मागे जाऊन मूळ हिशेब तपासण्याची मुभा न्यायालयाला मिळाली, हप्ते बांधून देता येऊ लागले, खतांची नोंदणी आली, तंटा मिटवायला सलोखेदार आले. सावकारांनीही पळवाट शोधली. गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घ्यायचे आणि जमीन परत देण्याचे तोंडी आश्वासन द्यायचे. अशा तोंडी आश्वासनावर जमीन गमावलेली घराणी महाराष्ट्रात गावोगाव सापडतील. कायद्यानंतर काही वर्षांत न्यायमूर्ती रानडे आणि विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली. ती मंजूर झाली नाही. सहकारी पतपेढ्यांचा कायदा यायला १९०४ उजाडले. नगर जिल्हा पुढे सहकाराचे माहेरघर झाला, त्याची पहिली गरज या खतांच्या होळीत दिसली होती.

कायदा झाल्याच्या पुढच्याच वर्षी, १२ नोव्हेंबर १८८० रोजी, पारनेरात पांडुरंग महादेव बापट जन्मले. बहिष्कार पाहिलेली पिढी तेव्हा गावात हिंडती-फिरती होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते शिष्यवृत्तीवर १९०४ मध्ये एडिंबरोला गेले. हिंदुस्थानातील इंग्रजी राज्याविरुद्ध तिथे भाषण केल्याने शिष्यवृत्ती गेली. मग लंडनचे इंडिया हाउस, पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बाँबची विद्या, परत येऊन अज्ञातवास, अटक आणि पुराव्याअभावी सुटका. हा भाग शाळेच्या पुस्तकातही येतो. त्यानंतरचे पारनेर मात्र फारसे कोणी सांगत नाही. गावी परतल्यावर बापटांनी पहाटे उठून रस्ते झाडायला आणि शौचकूप साफ करायला सुरुवात केली. परदेशात शिकलेला ब्राह्मण तरुण हातात खराटा घेऊन गावातून जातो, हे दृश्य त्या काळी बाँबपेक्षा कमी स्फोटक नव्हते. मुलाच्या बारशाचे पहिले जेवण त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना दिले. जी गावकी ज्यांना वेशीबाहेर ठेवत होती, त्यांना पहिल्या पंगतीला बसवून बापटांनी गावकीचा अर्थच रुंद केला, असे मी मानतो.

‘सेनापती’ हे नाव त्यांना मुळशीने दिले. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळा-निळा खोऱ्यातली गावे बुडणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळे सत्याग्रहाला बसले. धरणाविरुद्धच्या जगातल्या पहिल्या संघटित लढ्यांत त्याची गणना होते. पारनेरच्या माणसाला तिथे ओळखीची वाटावी अशी एक गोष्ट होती. मुळशीतल्या पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेल्या होत्या. कसणाऱ्याला जमीन हवी होती, सावकाराला मोबदला. लढा फुटण्याचे हे एक मोठे कारण ठरले. बापट अखेरपर्यंत कसणाऱ्यांच्या बाजूने राहिले. शेवटी रेल्वे अडवल्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण झाले, गावे बुडाली. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. पुढे गोवा मुक्ती आणि संयुक्त महाराष्ट्र या दोन्ही लढ्यांत ते उतरले. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. मुंबई-पुण्यातल्या सेनापती बापट रस्त्यांवरून रोज लाखो माणसे जातात. त्यांतल्या थोड्यांना तरी हा माणूस पारनेरचा हे ठाऊक असावे, असे मनापासून वाटते.

तालुक्यातल्या जुन्या खुणांची मोठी यादी होईल. टाकळी ढोकेश्वरला कल्याण रस्त्याजवळच्या टेकडीत कोरलेले शैव लेणे आहे, सहाव्या शतकाच्या सुमाराचे, आतल्या सप्तमातृका पाहण्यासारख्या. जामगावला महादजी शिंद्यांचा वाडा, पळशीला होळकरांच्या दिवाणांची, पळशीकरांची गढी. निघोजला कुकडीच्या पात्रात पाण्याने आणि गोट्यांनी बेसाल्ट कोरून केलेले रांजणखळगे आहेत, आणि काठाला मळगंगा. चैत्रात तिची यात्रा भरते. पौष पौर्णिमेला पिंपळगाव रोठ्याला कोरठण खंडोबाच्या उंच काठ्या निघतात. यात्रा म्हणजे छबिना, शेरणी, तमाशा आणि कुस्त्यांचा हगामा. यात्रेला गाव दुप्पट होते, कारण ‘मुंबईकर’ येतात. पाण्याच्या अभावाने इथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेली, गिरण्यांत, बाजारांत, माथाडीत राबली. गावाचे मंदिर, शाळेची खोली, यात्रेची वर्गणी यांत त्यांचा वाटा असतोच. दुसरी वाट सैन्याची. पारनेर तालुका सैनिक सहकारी बँक ही संस्थाच सांगते की इथे घरटी फौजी भेटतो.

त्या सैनिकांपैकी एक, किसन बाबूराव ऊर्फ अण्णा हजारे, १९७५ मध्ये लष्करातून निवृत्त होऊन राळेगणसिद्धीला परतला. खतांच्या होळीला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती. गावात पाणी नव्हते, दारूच्या भट्ट्या मात्र होत्या. यादवबाबांच्या मंदिराच्या जीर्णोद्धारापासून सुरुवात झाली. मग नाला बंडिंग, समतल चर, पाझर तलाव. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी. पडणारे थोडे पाणी पठारावरून पळून जाण्याआधी जमिनीत उतरवायचे, एवढाच त्यामागचा सिद्धांत. पण तो एकट्याच्या शेतात चालत नाही. वरच्याने बांध घातला नाही तर खालच्याचा वाहून जातो, एकाने शेळ्या सोडल्या तर दुसऱ्याचे गवत जाते. म्हणून पाणलोटाचे काम हे आधी गावाला एकमताने वागायला लावण्याचे काम असते. राळेगणची धान्य बँक मला विशेष वाटते. ज्याच्याकडे जास्त पिकले त्याने धान्य ठेवायचे, ज्याला कमी पडले त्याने न्यायचे आणि सुगीला थोडे वाढवून परत करायचे. १८७५ मध्ये ज्या गरजेपोटी कुणबी सावकाराच्या ओट्यावर जात होता, तीच गरज गावाने आपल्या कोठारातून भागवली.

इथेही गावकीची दुसरी बाजू आहे. दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारल्याचे अण्णांनी स्वतः सांगितले आहे. दारूने घरे उद्ध्वस्त झालेल्या बायकांना त्या वेळी काय वाटले असेल हे समजू शकते. तरीही मार देऊन आणलेले एकमत मला पटत नाही. बंधारा टिकतो तो पटलेल्या माणसांमुळे. राळेगणचे खरे यश मी ग्रामसभेत पाहतो, जिथे प्रश्न विचारता येतो आणि हिशेब मागता येतो. राळेगणमधूनच माहितीच्या अधिकाराची मागणी राज्यभर गेली यात मला नवल वाटत नाही.

गेल्या पन्नास वर्षांत तालुका बदलला. दक्षिणेच्या गावांना कुकडीचा डावा कालवा आला, पठारावरच्या वाटाण्याने आणि कांद्याने पैसा आणला, कवड्या डोंगरावर पवनचक्क्या फिरू लागल्या, सुप्याला कारखाने आले. देवीभोयऱ्याचा सहकारी साखर कारखाना मात्र अवसायनात जाऊन विकला गेला. सभासदांनी हिशेब विचारणे सोडले की सहकाराचे काय होते, याचा हा तालुक्यातलाच धडा. आणि २०२१ च्या करोना लाटेत भाळवणीच्या मंगल कार्यालयात हजारावर खाटांचे उपचार केंद्र लोकवर्गणी आणि स्वयंसेवकांच्या बळावर उभे राहिले, तेव्हा जुनी गावकी पुन्हा दिसली.

पारनेर गाव आता नगरपंचायतीत आहे. रस्ते, नळ, दिवे यांसाठी हा बदल योग्यच. पण कायद्याने ग्रामसभा ग्रामपंचायतीलाच असते. तालुक्यातल्या छोट्या वाडीतला माणूस सभेत उभा राहून जमाखर्च विचारू शकतो. तालुक्याच्या ठाण्यात राहणाऱ्याला मात्र पाच वर्षांतून एकदा मत देण्यापलीकडे तसे व्यासपीठ उरत नाही. नागरी भागासाठी क्षेत्रसभेची तरतूद राज्याच्या कायद्यात २००९ मध्ये आलेली आहे. ती कागदावर राहू देऊ नका. पारनेरकरांनी, आणि ज्यांचे गाव नुकतेच नगरपंचायत झाले आहे अशा सर्वांनी, आपल्या प्रभागात ती सभा लेखी अर्ज देऊन मागावी, आणि तिला पहिल्या दिवसापासून गावातल्या सर्व वस्त्यांना बोलवावे.